हायब्रिड मोटारीचे नवे टायर

बैलगाडीच्या लांकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला धाव म्हणतात. धाव चढविण्याचा दिवस म्हणजे पूर्वीं लोहाराच्या अंगणांतील एक लहानसा सोहळाच असे. पेटलेल्या गोवऱ्यांत तें लोखंडी कडें लाल होईपर्यंत तापवावयाचें, चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवावयाचें, आणि लांकूड धुमसूं लागतांच वरून पाणी ओतावयाचें. लोखंड निवून आकसलें कीं आरे, तुंबा आणि लांकडी घेर एकमेकांस घट्ट आवळले जात. कडें थोडें मोठें झालें तर धाव वाटेंत निखळे, लहान झालें तर चाकालाच इजा होई. धाव चाकाच्या मापाची हवी, गाडींतील भार सोसणारी हवी, आणि ज्या वाटेनें जावयाचें त्या वाटेला पुरणारी हवी, ह्या तीन गोष्टी लोहाराला आणि गाडीवानाला कोणीं शिकवाव्या लागत नसत.

मोटारीचा टायर ही रबराची धावच होय. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसननें १८४५ सालीं मांडली, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉपनें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती प्रत्यक्षांत उतरविली. लोखंड गेलें, रबर आलें. पण धावेसंबंधींचे ते तीन प्रश्न होते तसेच राहिले. चाक कोणतें? भार कसा? वाट कोणती? आज ज्यांना हायब्रिड म्हणतात त्या मोटारींच्या बाबतींत तर हे प्रश्न अधिकच बारकाईनें विचारावे लागतात. पेट्रोल वांचविण्यासाठीं ज्यानें ही महाग गाडी घेतली, त्याची ती बचत बऱ्याच अंशीं टायरच्या हातीं असते. आणि ज्या कुटुंबासाठीं गाडी घेतली, त्याची सुरक्षितताही त्याच टायरच्या हातीं असते.

हा विचार किल्लारीसारख्या गांवीं बसून केला म्हणजे त्याचें मर्म चांगलें कळतें. किल्लारी हें लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील गांव. लातुराहून सुमारें चाळीस किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं झालेल्या भूकंपानें ह्या गांवाचें नांव जगभर पोंचलें. किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालच्या गांवांतून हजारों माणसें त्या पहाटे दगावलीं. चिखलमातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचें जड धाबें अशीं तीं घरें होतीं. उन्हाळ्यांत थंडावा देण्यासाठीं तीं उत्तम होतीं. पण जमीन हालली तेव्हां तोच भार माणसांवर कोसळला. एका गुणासाठीं निवडलेली वस्तु दुसऱ्याच प्रसंगीं कशी वागेल, हें आधीं पाहिलें पाहिजे, हा धडा ह्या भागानें फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. मूळ गांव सोडून नवें किल्लारी वसलें. त्यालाही आतां तीन दशकें लोटलीं. नव्या गांवांतून आज मुलें शिकण्यासाठीं लातूरला जातात, उमरग्यावरून सोलापूरमार्गें पुण्याला जातात, आणि आजारी माणसाला रात्रीं-अपरात्रीं मोटारींत घालून लातूरचा दवाखाना गांठावा लागतो. त्या रात्रीं पावसाची सर येत असेल तर टायरची निवड ही केवळ जमाखर्चाची बाब राहात नाहीं.

प्रथम गाडीकडे पाहावें. हायब्रिड म्हणजे जिच्यांत पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर अशीं दोन बळें एकत्र काम करतात ती गाडी. टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं जपानांत प्रियस ही गाडी विक्रीस काढली, तेव्हांपासून हा प्रकार लोकांच्या परिचयाचा झाला. भारतांत २०२२ सालीं मारुति सुझुकीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडाची सिटी ह्या गाड्या हायब्रिड रूपांत आल्या आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारीं हें यंत्र प्रथमच दिसूं लागलें. त्यांपैकीं पहिल्या गाड्यांचे मूळ टायर आतां झिजत आले आहेत. म्हणूनच नवे टायर कोणते घालावे हा प्रश्न अनेक घरांतून एकाच वेळीं उभा राहिला आहे.

ह्या गाडीची बचत कोठून येते तें समजल्यावांचून टायरचें महत्त्व ध्यानांत येणार नाहीं. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या कोणत्याही मोटारीची शक्ति मुख्यतः तीन ठिकाणीं खर्च होते. समोरची हवा कापण्यांत कांहीं जाते, ब्रेक लावल्यावर कांहीं उष्णता होऊन वायां जाते, आणि टायर दबण्या-उसळण्यांत कांहीं जाते. साध्या गाडींत हे तिन्ही खर्च बुडीतच. हायब्रिड गाडींत मात्र ब्रेक लावतांना विजेची मोटर उलट काम करते, चाकांच्या गतीपासून वीज निर्माण करते आणि ती बॅटरींत साठविते. म्हणजे दुसऱ्या खर्चांतील बराच भाग पुन्हां हातीं येतो. इंजिनहि सोयीच्या वेळींच चालतें. ह्या युक्तीमुळें ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर ह्या गाड्यांना सरकारमान्य चांचणींत लिटरमागें २७.९७ किलोमीटर असा आंकडा मिळाला. पण टायरनें जी शक्ति खाल्ली ती कोणत्याही बॅटरींत परत येत नाहीं. घरांतील इतर गळत्या बंद केल्या म्हणजे उरलेली एकच गळती जशी अधिक डोळ्यांत भरते, तसें हायब्रिड गाडींत टायरचें होतें. एरवीं न जाणवणारा टायरचा फरक येथें इंधनाच्या हिशेबांत स्पष्ट दिसतो.

टायर शक्ति खातो म्हणजे काय करतो? रस्त्याला टेकलेला त्याचा भाग भारानें चपटा होतो आणि वर जातांना पुन्हां गोल होतो. ग्रँड व्हिटाराच्या मापाचा टायर ताशीं ८० किलोमीटर वेगानें चालतांना दर सेकंदाला सुमारें दहा वेळां असा दबतो आणि उसळतो. रबर दाबण्यांत जेवढी शक्ति जाते तेवढी तें उसळतांना परत देत नाहीं. राहिलेल्या भागाची उष्णता होते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला असतां तो गरम लागतो, त्याचें एक मोठें कारण हें होय. ह्या नुकसानाला येथें टायरचा अटकाव म्हणूं.

आतां थोडा हिशेब करून पाहावा. सामान्य टायर दर हजार किलो भारामागें सुमारें १० किलोंचा अटकाव करतो असें धरलें आणि काटकसरीचा टायर ८ किलोंचा करतो असें धरलें, तर माणसांसह १५०० किलो भरणाऱ्या गाडीला एकूण अटकाव एकींत १५ किलोंचा आणि दुसरींत १२ किलोंचा होईल. फरक केवळ तीन किलोंचा. पण तीन किलोंचें हें ओझें शंभर किलोमीटर ओढावयाचें म्हटलें तर इंजिनाला सुमारें पाव लिटर पेट्रोल अधिक लागतें. टायर ४०,००० किलोमीटर टिकला असें मानलें तर हा फरक शंभर लिटरांच्या घरांत जातो. लिटरला शंभर रुपये धरले तरी दहा हजार रुपये झाले. म्हणजे दुकानांत जो टायर नगामागें हजार रुपयांनीं स्वस्त पडला, तो चार नगांवर चार हजार वांचवून पेट्रोलपंपावर दहा हजार घालवूं शकतो. हायब्रिड गाडीच्या मालकानें केवळ दुकानची किंमत पाहूं नये, असें जें म्हणतात त्याचा आधार हा आहे.

परंतु येथेंच दुसरा हिशेब मांडणें अवश्य आहे. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीपुढें ओल्या रस्त्यावर अचानक जनावर आलें. टायरची पकड चांगली, म्हणजे घर्षणाचा गुणक ०.७, असली तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारें ३६ मीटरांत थांबेल. तोच गुणक ०.५ असला तर तिला ५० मीटर लागतील. मध्यें चौदा मीटरांचें अंतर पडलें. तीन मोटारी एकामागें एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढें. एका पानावर दहा हजार रुपये आणि दुसऱ्या पानावर चौदा मीटर. हायब्रिड गाडीचा टायर निवडणें म्हणजे हीं दोन्ही पानें एकाच वेळीं उघडून ठेवणें होय.

जुन्या काळीं ह्या दोहोंत उघड विरोध असे. जें रबर रस्त्याला घट्ट धरतें तें शक्तिही अधिक खातें, आणि जें कमी खातें तें ओल्यांत घसरतें, अशी अडचण होती. रबराला बळकटी यावी म्हणून त्यांत काजळी मिसळतात. टायरचा काळा रंग तिचाच. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं फ्रान्समधील मिशलँ कंपनीनें काजळीच्या बऱ्याच भागाऐवजीं सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचा अत्यंत बारीक पदार्थ, वापरून ही अडचण पुष्कळ सोडविली. तिची युक्ति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. टायर फिरतांना रबर सेकंदाला दहा-वीस वेळां दबतें. पण ब्रेक लागून रस्त्याच्या खरखरीत खड्यांवरून घासलें जातांना त्याच्या पृष्ठभागावर सेकंदाला हजारों सूक्ष्म हिसके बसतात. सिलिकायुक्त रबर सावकाश दबण्यांत कमी शक्ति खातें आणि जलद हिसक्यांत अधिक खातें. पहिल्यामुळें पेट्रोल वांचतें, दुसऱ्यामुळें गाडी थांबते. म्हणून आज काटकसर आणि पकड ह्या दोन्ही गोष्टी एकाच टायरमध्यें मिळूं शकतात. मात्र प्रत्येक टायरमध्यें त्या मिळतातच असें नाहीं. ज्याच्या वेष्टनावर केवळ इंधनबचतीचा गाजावाजा आहे आणि ओल्या रस्त्यावरील पकडीविषयीं एक अक्षर नाहीं, त्या टायरविषयीं दुकानदाराला दोन प्रश्न अधिक विचारावे.

सरकारी खुणांचा अर्थही ह्याच दृष्टीनें समजून घ्यावा. भारतांत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर आय. एस. आय. चिन्ह असणें बंधनकारक आहे. त्यानें टायरची मूलभूत मजबुती तपासली गेल्याची ग्वाही मिळते. कांहीं टायरांवर विजेच्या पंख्यांवर किंवा शीतकपाटांवर असतात तशा ताऱ्यांची पट्टी दिसते. हे तारे अटकाव किती कमी आहे तें सांगतात. ते पकडीचे तारे नव्हेत. पांच तारे पाहून टायर सर्व बाबतींत पहिल्या प्रतीचा आहे असें समजणें ही चूक होईल. युरोपांतील पट्टीवर इंधन, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज ह्यांचे दर्जे वेगवेगळे छापलेले असतात. तोच टायर तेथेंही विकला जात असेल तर ती पट्टी पाहून घेणें उपयोगाचें ठरतें.

आतां वाट. किल्लारीचा भाग काळ्या मातीचा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हानें आकसून भेगाळते; तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ताही त्यामुळें ठिकठिकाणीं खचतो, उंचावतो आणि कडेला तुटतो. गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्या शेतांतून थेट रस्त्यावर येतात आणि त्यांच्या चाकांबरोबर आलेल्या मातीचा थर डांबरावर पसरतो. त्यावर अवकाळी पावसाची हलकी सर आली कीं ती माती साबणासारखी होते. उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि डांबराचा पृष्ठभाग तर हवेहून कितीतरी अधिक तापतो. ऊन, खड्डा आणि निसरडी माती ह्या तिघांना एकच टायर पुरला पाहिजे.

निसरड्या ओल्या रस्त्यावर टायरच्या नक्षीचें काम महत्त्वाचें. नक्षीच्या खांचा पाणी बाजूला सारतात आणि रबराला डांबर गांठूं देतात. खांच उथळ झाली कीं पाणी सरण्यास जागा उरत नाहीं, चाकाखालीं पाण्याचा पापुद्रा राहातो आणि गाडी त्यावर तरंगूं लागते. अशा वेळीं ब्रेकही व्यर्थ आणि स्टिअरिंगही व्यर्थ. मोटारीच्या टायरची खांच १.६ मिलिमीटरहून कमी नसावी असा कायदा आहे, आणि ती मर्यादा दाखविणारे लहान उंचवटे खांचांच्या तळाशीं ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आली कीं टायर संपला. पण कायद्याची मर्यादा ही शेवटची होय, सुरक्षिततेची नव्हे. खांच तीन मिलिमीटरांच्या आंत आली असेल तर पावसाळा लागण्यापूर्वींच टायर बदलणें शहाणपणाचें. टक्कल पडलेल्या टायरनें कोरड्या उन्हाळ्यांत कांहींच बिघडत नाहीं असें वाटतें, आणि त्याच समजुतीनें तो पहिल्या सरीपर्यंत गाडीला राहातो.

कांहीं जण खेड्यांतील वाटा पाहून डोंगराळ प्रदेशासाठीं केलेल्या जाड, खडबडीत नक्षीच्या टायरांकडे वळतात. किल्लारीच्या गृहस्थाला त्यांची गरज सहसा नसते. त्याचा बहुतेक प्रवास डांबरावरूनच होतो. ते टायर अटकाव वाढवितात. शिवाय हायब्रिड गाडी विजेवर चालत असतां इंजिन मुकें असल्यामुळें त्यांचा घरघराट अधिकच ऐकूं येतो. आणि पावसाळ्यांत भिजलेल्या काळ्या रानांत कोणताही मोटारीचा टायर फार वेळ टिकाव धरीत नाहीं. तेथें गाडी डांबरावर ठेवून पायीं जाणें हाच उपाय. हमरस्त्यासाठीं केलेली साधी नक्षी, पाणी काढणाऱ्या रुंद खांचा आणि खड्ड्याचा दणका सोसणारी मजबूत बाजू एवढें पुरे.

तिसरा प्रश्न चाकाचा, म्हणजे मापाचा. टायरच्या बाजूवर कोरलेला मजकूर पुष्कळांना गूढ वाटतो. वास्तविक तो सरळ आहे. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर ह्यांच्या टायरवर २१५/६० आर १७ असें माप असतें. २१५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा साठ, अर्थात् १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. आणि १७ म्हणजे चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास. पुढें ९६ एच अशी जोडी असेल तर ९६ ह्या अंकाचा अर्थ एक टायर ७१० किलो भार सोसूं शकतो, आणि एच ह्या अक्षराचा अर्थ तो ताशीं २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठीं केलेला आहे. इतका वेग कोणीं करावा असा त्याचा अर्थ नव्हे. उष्णता सोसण्याची त्याची ताकद त्यावरून कळते. बॅटरी, मोटर आणि त्यांचीं उपकरणें ह्यांमुळें हायब्रिड गाडी साध्या पेट्रोल गाडीहून थोडी जड असते. म्हणून नव्या टायरचा भारांक आणि वेगाक्षर मूळच्याहून कमी असतां कामा नये, हा नियम येथें कसोशीनें पाळावा.

रुंद टायर घातले म्हणजे गाडी भरदार दिसते आणि पकडही वाढते, अशी एक समजूत आहे. २१५/६० आर १७ ह्या टायरचा पूर्ण व्यास सुमारें ६९० मिलिमीटर येतो. त्याऐवजीं २२५/६५ आर १७ घातला तर तो ७२४ होतो, म्हणजे पांच टक्क्यांनीं मोठा. वेगदर्शक कांटा ८० दाखवील तेव्हां गाडी ८४ नें धांवत असेल, चाक वळतांना आंतल्या भागास घासण्याचा संभव राहील, आणि वजन व अटकाव वाढून ज्या बचतीसाठीं हायब्रिड घेतली तीच कमी होईल. शिवाय रुंद टायरला तितकेंच अधिक पाणी बाजूला सारावें लागतें, त्यामुळें साचलेल्या पाण्यांत तो लवकर तरंगूं शकतो. लोहाराची जुनी शिकवण येथेंही खरी ठरते: धाव चाकाच्या मापाचीच हवी. चालकाच्या दारालगत चिकटविलेल्या कागदावर जें माप आणि हवेचा जो दाब दिलेला असतो तोच प्रमाण मानावा.

टायरवर आणखी एक लहान चौकट असते, तींत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १८२५ असें असेल तर तो टायर २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यांत तयार झाला. रबर हें कपाटांत ठेवलें तरी म्हातारें होतें, आणि मराठवाड्याच्या उन्हांत तर लवकरच. दुकानांतून शक्य तों त्याच वर्षाचा टायर मागून घ्यावा, आणि गाडीवर असलेल्या टायरला पांच-सहा वर्षें झालीं म्हणजे नक्षी उरली असली तरी बारीक भेगांसाठीं तो तपासून घ्यावा. स्टेपनीचाही ह्यांत विसर पडूं नये. वर्षानुवर्षें न वापरलेला टायर ऐन वेळीं दगा देतो. जुन्या टायरवर नवें रबर चढविलेला रिमोल्ड टायर, किंवा कोठल्या तरी गाडीवरून उतरविलेला वापरलेला टायर, कुटुंबाच्या गाडीला लावूं नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें त्या मोहाचें एक कारण तरी कमी झालें आहे.

विजेच्या गाड्यांसाठीं म्हणून जे खास टायर विकले जातात ते हायब्रिडला हवेतच काय, असाही प्रश्न विचारला जातो. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी फार मोठी आणि जड असते. तिच्या भारासाठीं आणि मोटरच्या जोरासाठीं ते टायर केलेले असतात. ग्रँड व्हिटारासारख्या हायब्रिड गाडीची बॅटरी पाऊण युनिटाहून किंचित् अधिक वीज साठविणारी, म्हणजे अगदीं लहान असते. तिला असे खास टायर आवश्यक नाहींत. मात्र ह्या गाडींत पुढचींच चाकें गाडी ओढतात, मोटरचा पहिला जोर त्यांवरच येतो, आणि वीज साठवितांना गाडी थोपविण्याचें कामही तींच करतात. त्यामुळें पुढचे टायर मागच्यांहून लवकर झिजतात. दर दहा हजार किलोमीटरांच्या सुमारास पुढचे मागें आणि मागचे पुढें अशी अदलाबदल केली, आणि त्याच वेळीं अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घेतलें, तर चारी टायर बरोबरीनें झिजतात आणि एकाच वेळीं बदलतां येतात. चारी एकदम घेणें सर्वांत चांगलें. दोनच घ्यावयाचे झाले तर मूळच्याच जातीचे घेऊन ते मागच्या चाकांना लावावे. गाडी पुढून ओढली जाते म्हणून नवे पुढें लावावे असें सहज वाटतें. परंतु ओल्या वळणावर मागचीं चाकें सुटलीं तर गाडी गरकन् फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाहीं.

उत्तम टायर घेऊनही हवेच्या दाबाची हयगय केली तर सर्व व्यर्थ. दाब कमी असला कीं टायर अधिक दबतो, अधिक तापतो, अधिक पेट्रोल खातो आणि उन्हाळ्यांत भरधांव असतां फुटूं शकतो. दाब सकाळीं, टायर थंड असतां, मोजावा. तापमान वीस अंशांनीं वाढलें तर दाब सुमारें तीन पौंडांनीं वाढतो. म्हणून दुपारीं सोलापूरहून आल्यावर दाब जास्त दिसतो असें म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं टायर मऊ पडलेला आढळतो. नायट्रोजन भरण्याचा आग्रह कोठें कोठें केला जातो. साध्या हवेंतच शेंकडा अठ्ठ्याहत्तर नायट्रोजन असतो. तेव्हां त्यासाठीं वेगळे पैसे मोजण्यापेक्षां महिन्यांतून दोनदां दाब मोजण्याची संवय अधिक फलदायी. बचतीसाठीं ठरलेल्या दाबाहून जास्त हवा भरणें हेंही बरें नव्हे. पकड कमी होते आणि खड्ड्याचा दणका टायर व रिम ह्या दोहोंना बसतो.

नवे टायर घातल्यावर पहिल्या महिन्यांत गाडीची सरासरी थोडी उतरलेली पाहून पुष्कळ मालक चिंतेंत पडतात. ह्यांत फसवणूक झाली असेलच असें नाहीं. झिजलेल्या टायरवर रबर कमी, म्हणून त्याचा अटकावही कमी असतो. शिवाय खांच आठ मिलिमीटरांवरून दोनवर आली म्हणजे टायरचा व्यास बारा मिलिमीटरांनीं घटतो. तेवढ्यानें गाडीचा मापक प्रत्यक्षाहून पावणेदोन टक्के अधिक अंतर दाखवूं लागतो. जुन्या टायरची ती सरासरी कांहीं अंशीं मापाचीच करामत होती. दोन-तीन हजार किलोमीटर चालल्यावर तुलना करावी आणि मगच टायरला दोष द्यावा.

एवढ्या सर्व विचारांतून किल्लारीच्या गृहस्थानें कोणता क्रम धरावा? प्रथम माप, भारांक आणि वेगाक्षर मूळचेंच. नंतर ओल्या रस्त्यावरील पकड. त्यानंतर बाजूची मजबुती. ह्या तीन कसोट्यांना जे टायर उतरतील त्यांतून ज्याचा अटकाव सर्वांत कमी तो निवडावा. आणि किंमत शेवटीं पाहावी. पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यांवर राहणारा मनुष्य बाजूच्या मजबुतीला थोडें खालीं ढकलील, आणि शहरांतल्या शहरांत फिरणारा आवाजाला वर घेईल; पण पकडीला बचतीच्या खालीं कोणींच ठेवूं नये. दहा हजार रुपये ४०,००० किलोमीटरांत थोडे थोडे करून मिळतात किंवा जातात. चौदा मीटरांची गरज कदाचित् एकदांच लागते, आणि ती कोणत्या वळणावर लागेल हें आधीं सांगतां येत नाहीं.

गाडीवान धाव बसवून घेई तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें बाजाराची सपाट वाट नसे. ओढ्याचा उतार असे, आणि गाडींत भरलेलें सुगीचें धान्य असे. आजच्या हायब्रिड मोटारीच्या मालकानेंही दुकानांत टायर निवडतांना आपल्या डोळ्यांपुढें लातूरच्या रस्त्यावरील एक पावसाळी रात्र आणि मागच्या बैठकीवरील आपलीं माणसें ठेवावीं. तेवढें ठेवलें म्हणजे भार आणि वाट ह्यांना कोणता टायर पुरेल तें कळतें, आणि चाकाचें माप तर दारालगतच्या कागदावर लिहिलेलेंच असतें.